संत रामोनची कुलपं

रामोनानं आईला हातगाडीवरून उतरवलं, चर्चच्या पहिल्या बाकावर नीट टेकवलं, आणि स्वतः संत रामोनच्या जाळीपुढं फतकल मारून बसली. पोलक्यातून किल्ली काढली.

जाळीला कुलपंच कुलपं, प्रत्येकाला नाव लिहिलेली एक फीत. सासूच्या तोंडाला, शेजारणीच्या तोंडाला, कुणी नवऱ्याच्याही. संत रामोन प्रवचन थांबवेना, म्हणून शत्रूनं त्याच्या ओठांना भोकं पाडून कुलूप ठोकलं होतं. तेव्हा बडबड्यांचा बंदोबस्त सगळं गाव त्याच्याकडंच मागतं.

"काय गं रामोने, संताची चोरी करतेस?" झाडू घेऊन आलेला म्हातारा क्रिस्पीन म्हणाला. चर्चची झाडलोट तोच बघायचा.

"माझंच कुलूप काढतेय, दॉन क्रिस्पीन."

"कोणाच्या तोंडाचं?"

रामोनानं बाकाकडं पाहिलं. क्रिस्पीननं छातीवर क्रूसाची खूण केली. "आईच्या? अगं, सुईण ती, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं!"

"माझं ठरलेलं लग्न मोडलं तिनं. मुलाच्या आईला सांगितलं, रामोना दातांसकट जन्मली आणि बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांना चावली. म्हणून कुलूप लावलं. म्हटलं, महिनाभर तरी गप्प बसेल. चौथ्या दिवशी अर्धं अंग गेलं. वाचाही गेली."

"चावली होतीस मात्र. अंगठा मीच बांधला त्यांचा."

रामोनाला हसू आलं आणि लगेच रडूही. लाजेनं तिनं फितीवर नाव लिहिलं नव्हतं. आता एवढ्या लाल फितींत आपलं कुलूप कुठलं, कळेना. एकाला किल्ली लावली, उघडलं. दुसऱ्याला लावली, तेही उघडलं.

"दारात कुलपं विकणाऱ्या बाईकडची सगळी एकाच किल्लीची," क्रिस्पीन म्हणाला. "बेतानं. साऱ्या गावाच्या जिभा सोडशील."

"सुटू देत."

तिनं एकोणीस कुलपं उघडली. प्रत्येक वेळी वळून विचारलं, "आई?" आई, दोन्या एउलालिया, वाकड्या तोंडानं "अं" म्हणायची, एवढंच. डावा हात गळ्यातल्या बिल्ल्यावर. बिल्ल्यावरही रामोनच, सुइणींचा संत. तो पोटात असतानाच त्याची आई मेली, मग सुरीनं पोट फाडून त्याला बाहेर काढलं.

ही गोष्ट एउलालिया हजारदा सांगायची, आणि काय सांगायची! म्हणे सुरी कॉफीच्या किटलीत उकळली, पत्र्यावर गारा अशा वाजत होत्या की बाळ रडलेलं कळेना, आणि बाळानं बाहेर येऊन आधी विचारलं, 'किती वेळ लावलात?' रामोना लहानपणी भांडायची, "संताच्या काळी कॉफी कुठली? पत्रा कुठला?" आई म्हणायची, "तू होतीस का तिथं? मग गप्प बस."

जाळीच्या तळाशी, धुळीत, एक गंजलेलं कुलूप होतं. त्याला फीत नव्हती, पांढरा सुती बंद होता, बाळाची नाळ बांधायचा. त्यावर लाल दोऱ्यानं भरलेली अक्षरं. टाका आईचा. रामोनानं फुंकर मारून वाचलं.

'माझ्या तोंडाला. मी तिची आई नव्हे, हे रामोनाला कधी कळू नये.'

क्रिस्पीन झाडू घेऊन मागल्या दारानं निघून गेला. त्याला अक्षरं वाचायची गरजच नव्हती.

रामोनानं किल्ली त्या कुलपाला लावलीच नाही. उठून बाकाशी आली, आईच्या पायाशी बसली. एउलालियानं तोंड उघडलं, मिटलं. लाळ गळली, ती रामोनानं शालीच्या पदरानं पुसली.

"आई," ती म्हणाली, "माझ्या जन्माच्या वेळी कॉफीची किटली खरंच होती ना गं?"

एउलालियाचा हात बिल्ल्यावरून निघाला आणि बाकाच्या लाकडावर पडला. मग एक बोट वाजलं. मग दुसरं. मग पाचही बोटं वाजू लागली, जोरजोरात, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी.