ब्लूमाबाईंचं मत

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात नफ्ताली ग्रुबर पाच आठवडे राबत होता. सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहातल्या, म्हाताऱ्यांना मतदानाला नेणं त्याचं काम. निवडणुकीच्या दिवसाआधीचं मुदतपूर्व मतदान बरेच दिवस चालणार होतं; आज एक्क्याण्णव वर्षांच्या ब्लूमाबाईंची पाळी होती. फ्लोरिडाच्या उन्हात अडीच तास रांगेत उभं राहून त्याने त्यांच्यावर छत्री धरली. त्याचे गुडघे भरून आले. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, “मी तुझ्या उमेदवाराला नाही हं, दुसऱ्याला मत दिलं.” नफ्तालीने गाडी कडेला घेतली. “अहो, मग आधी सांगायचं ना!” “सांगितलं असतं तर आणलं असतंस?” खोटं बोलण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. “नसतं आणलं.” ब्लूमाबाईंनी त्याचा हात थोपटला. “खरं बोललास. चल, घरी बीटचं सूप आहे. आणि उद्या माझ्या बहिणीला ने.” “तिचं मत कुणाला?” “ते तिलाच विचार.” नफ्तालीने सुस्कारा टाकून गाडी सुरू केली. “किती वाजता येऊ?”