आठ चकत्या

"एकच घास. बाबासाठी," काटेवाला म्हणाला आणि चमचा पुन्हा पुढे आला.

चिमटीनं तोंड उघडलं नाही. आधीचाच बटाटा तिच्या गालात अर्धा तास बसून होता. चार वर्षांची पोर. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण चिमटीभर खाते म्हणून घरात चिमटीच पडलं.

तिची आई खिडकीपाशी पडदे शिवत होती. मोठमोठ्या सभागृहांचे पडदे. ते घरभर पसरलेले असायचे आणि दुपारचं ऊन त्यांतून गाळून आलं की खोली पाण्याखाली गेल्यासारखी हिरवी व्हायची. त्या हिरव्या उजेडात रोज हेच चालायचं. आधी गोष्ट, मग चॉकलेटचं आमिष, मग डोळे वटारणं, शेवटी रडारड. कधी कधी खाल्लेलं सगळंच उलटून पडायचं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" आईनं सुई न थांबवता विचारलं. "ताटात काय वाढायचं ते आपण ठरवायचं. किती खायचं ते तिनं."

"त्यांचं काय जातंय सांगायला? काटा काय सांगतो ते बघ. तीन महिने झाले, बारा किलो म्हणजे बाराच."

काट्यापुढे त्याच्याकडे कुणाचं काही चालत नसे. वखारीत तो वीस वर्षं पोती तोलत आला होता, म्हणून नावही काटेवाला पडलं. पोत्यात कुणी दगड घातला तर उचलतानाच याच्या हाताला कळतं, अशी त्याची ख्याती. प्रत्येक चिठ्ठीवर न चुकता लिहायचा: एकूण, बारदान वजा, निव्वळ. बारदान म्हणजे रिकामं पोतं. त्याचं वजन मालात धरायचं नाही. घरीही त्यानं एक जुना काटा आणून ठेवला होता. दर रविवारी चिमटीला निळा फ्रॉक घालून त्यावर उभं करायचं. दर वेळी तोच फ्रॉक, मापात खोट नको.

पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या दुमडीत लोखंडी चकत्या शिवतात. एका शनिवारी आईनं पन्नास-पन्नास ग्रॅमच्या आठ चकत्या निळ्या फ्रॉकच्या दुमडीत शिवल्या.  लेकीच्या घशात अडकलेला घास तिला आता बघवत नव्हता.

रविवारी काटेवाल्यानं चिमटीला उचललं आणि क्षणभर तसाच धरून उभा राहिला. मग काट्यावर ठेवलं. वाकून तबकडी पाहिली.

"बारा किलो चारशे."

"बघा!" आईचा आवाज नको तितका चढला. "खातेय ती. आता तरी चमचा ठेवा खाली."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "ठेवतो," म्हणाला. "आणि फ्रॉक इकडे दे. वजनाचा कपडा माझ्या कपाटात राहू दे. रविवारी मीच घालत जाईन तिला."

चमचा सुटला म्हणून तिचा जीव भांड्यात पडला, पण फ्रॉक तिनं भीतभीतच दिला. चोराच्या मनात चांदणं. त्या दुमडीकडे बघायचीही तिला धास्ती वाटत होती.

चमचा खाली गेला आणि घर हळूहळू निवळलं. तिघं एकत्र जेवू लागली. बाबा फक्त आपल्याच ताटाकडे बघायचा, तेवढ्यानंही घामाघूम व्हायचा. आठ दिवस चिमटी नुसती मटारांशी खेळली. मग एक दाणा चाखला. मग बाबाच्या ताटातलं गाजर पळवलं. पुढे पुढे ती पडद्यांच्या घड्यांत बसून पाव खायची, "मी मासा आहे," म्हणायची, आणि पोट भरलं की "मासा झोपला," म्हणून ताट सरकवायची. झोपलेल्या माशाला कुणी उठवत नसे.

दर रविवारी तबकडीवर वाकून बाबाच आकडा सांगायचा, आधी काही आठवडे तोच बारा चारशे, मग हळूहळू चढत गेलेला. साडेबारा. तेरा. साडेतेरा. आई हसायची आणि मनातल्या मनात चारशे वजा करायची. नवऱ्याला फसवल्याचं तिला फार लागायचं. खोटं तिनंच शिवलं होतं, बोलणार कुणाजवळ?

वर्ष सरत आलं तेव्हा फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर गेला.

"दुमड सोडायला झाली गं," काटेवाला म्हणाला आणि कपाटातून फ्रॉक काढून त्यानं बायकोच्या मांडीवर ठेवला. मग चिमटीला घेऊन बाहेर फिरायला गेला.

तो आल्यावर सगळं सांगून टाकायचं, असं आईनं ठरवलं. फ्रॉक हलका लागला. मनाचे खेळ, ती स्वतःशी म्हणाली. तिनं तो उलटा केला.

टाके तिचे नव्हते. मोठाले, तिरपे, पोत्याचं तोंड शिवतात तसे होते.

तिनं ते उसवले. आत एकही चकती नव्हती. वखारीची एक चिठ्ठी होती, बारीक घडी घातलेली.

एकूण: बारा किलो चारशे. बारदान वजा: चारशे. निव्वळ: बारा किलो.

वर तारीख होती, त्या पहिल्याच रविवारची.