अँटेनांची टोके

जिला आपण घरची म्हणून आणले, तिच्या विद्येची वाट अडवणे हा अधर्मच होय. मग ती अडवणारा घरातला कितीही वडीलधारा का असेना.

सुनेची गणिताची ऑनलाइन शिकवणी सासऱ्यांना मुळीच खपत नसे. "घर आहे की बाजार? बंद कर ते!" एके सकाळी ते गरजले.

"शिकवणी बंद होणार नाही, बाबा," असे शांतपणे सांगून सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसली.

तेव्हा सासऱ्यांनी दिवाणखान्यातल्या राउटरच्या दोन्ही अँटेना आडव्या केल्या आणि त्यांची टोके नेमकी आपल्या आरामखुर्चीवर रोखली. "आता बघतोच, तिकडे सिग्नल कसा जातो ते!"

शिकवणी मात्र अखंड चालू राहिली. अडकल्या त्या सासऱ्यांच्या मोबाइलवरच्या बातम्या; निवेदिकेने वासलेला आ काही केल्या मिटेना. "अगं, तिचं सुरळीत चाललंय आणि माझंच घोडं कुठे अडतंय?" त्यांनी चिडून सासूबाईंना विचारले.

अँटेनाचा सिग्नल दांडीच्या बाजूंनी पसरतो आणि टोकाच्या रोखाने सर्वांत कमी जातो, हे सुनेने सासूबाईंना आधीच समजावून सांगितले होते.

 

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, टोकं नीट रोखलेली नाहीत तुम्ही. अजून थोडी वळवा आपल्याकडे."

त्या दोघींचे सदैव कल्याण असो.