खेप

जनाला मुलगी झाली तेव्हा मावळतीची उन्हं राजमाचीच्या कड्यावर चढली होती आणि खाली वाडीत गारठा उतरू लागला होता.

विमलबाईंनी नाळ कापली, पोर पुसून जनाच्या सासूच्या, कोंडीच्या हातात दिली आणि पुन्हा जनाच्या पोटावर हात ठेवला. गर्भाशय हवं तेवढं घट्ट लागत नव्हतं. त्यांनी चोळलं. घट्ट झालं. हात काढला की पुन्हा सैल. अशा बाळंतिणीला रात्रभर सोडून जायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

कुडाच्या फटींतून वारा आत घुसत होता. विमलबाई रेवदंड्याच्या. समुद्राकाठी थंडी म्हणजे पहाटे अंगावर एखादी चादर जास्त. नर्सच्या नोकरीसाठी त्या कर्जतला आल्या, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जाणारी बाई बघायला पहिल्या दिवशी बाजारातली माणसं दुकानातून उठून बाहेर आली होती. महायुद्ध संपलं तरी नवा टायर मिळत नव्हता. जुन्यालाच ठिगळं लावून त्यांनी अख्खा पावसाळा काढला. चिखलातून सायकल ढकलली, ओढ्याला पाणी आलं तर खांद्यावर घेतली, पण एक खेप चुकवली नाही. पावसाला त्या भ्यायल्या नाहीत. ही डोंगराखालची थंडी मात्र त्यांच्या हाडांत शिरली होती. सकाळी बोटं ब्रेकवर मिटत नसत.

"ऱ्हावा की बाई आजच्या दिस," कोंडी म्हणाली. "आगटी पेटवते. गोधडी देते तुमाला."

घरात गोधडी एकच दिसत होती. ती जनाच्या अंगावर होती.

विमलबाईंना कर्जतची आपली खोली आठवली. घट्ट बंद होणारी खिडकी, खाटेवरची रजई.

"मला नाही सोसायची गं इथली रात्र," त्या म्हणाल्या. "तू पोट चोळत राहा. मी उजाडताच येते."

जना डोळे मिटून पडली होती. तिने एकदा डोळे उघडून बाईंकडे पाहिलं, हसली, आणि पुन्हा मिटले.

बाहेर जनाचा नवरा शुक्रा सायकल धरून उभा होता. विमलबाईंनी त्याला बजावलं, "रक्त जास्त जातंय असं वाटलं तर सरळ मला बोलवायला ये. कितीही रात्र होवो."

"व्हय, बाई."

हँडलवर ठेवलेली त्यांची बोटं मिटत नव्हती. शुक्राने ते पाहिलं.

त्या रात्री विमलबाईंना गाढ झोप लागली.

सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर इतकं दाट धुकं होतं, की पुढचं चाक तेवढं दिसत होतं. अर्ध्या वाटेवर समोरून कुणी येताना दिसलं. जवळ आल्यावर कळलं, शुक्रा. अनवाणी, उघडा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं आणि ते दवाने भिजलेलं. विमलबाईंनी पाय टेकून सायकल थांबवली.

"काय रे?"

"जना गेली, बाई. कोंबडा आरवला तवा."

विमलबाईंचा हात ब्रेकवर तसाच राहिला.

"रक्त?"

"लय गेलं. आई चोळीत व्हती. थांबंना."

"मग आला का नाहीस?" त्यांचा आवाज चढला. "सांगितलं होतं ना मी तुला?"

"निघालो व्हतो. आईनंच अडिवलं. म्हनली, बाईंचं व्हट निळं पडलं व्हतं जाताना. आता या थंडीत नको उठवाया त्यांना. उजाडल्यावर येतीलच."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. घडलं तसं सांगत होता.

धुक्यात कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत गेल्या.

"आणि पोर?"

"हाय. शेजारच्या धाऊच्या बायकूनं अंगावर पाजाया घेतलीया."

"मग तू आता कुठं निघालास?"

"तुमच्याकडंच," शुक्रा म्हणाला. "म्हनलं, वाटंतच गाठावं. येवढ्या गारठ्यात तुमची खेप फुकट जाया नको."

विमलबाई सायकलवरून उतरल्या.

त्या दमल्या असतील असं त्याला वाटलं. त्याने पुढे होऊन त्यांच्या हातातलं हँडल घेतलं, सायकल हलकेच वळवली आणि तिचं तोंड कर्जतकडे करून, त्या बसेपर्यंत, तशीच धरून उभा राहिला.