सासऱ्यांचा हातगुण

कुंडी तडकली आणि तिघांनीही एकदमच हात पुढे केला.

"मी बदलते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं आत जाऊन पडा जरा."

"आई, तुमचे गुडघे दुखतात. मी करते ना," सून म्हणाली.

"कुणीच काही करू नका," तिचा नवरा म्हणाला. "तार आवळून टाकू कुंडीला. झाड आहे तसंच राहू दे."

झाड रबरप्लँटचं होतं, कंबरेएवढं. सासऱ्यांनी लावलेलं. ते जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांचं म्हणून जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं. सासऱ्यांच्या हातगुणाची गल्लीभर ख्याती. शेजारपाजारचे लोक मरायला टेकलेली झाडं त्यांच्याकडे आणून ठेवत आणि पंधरवड्यानं टवटवीत झालेली परत नेत. "यांच्या हातून कधी पान वाळलं नाही," हे सासूबाईंचं पालुपद होतं.

म्हणूनच सुनेला हे काम एकटीनं उरकायचं होतं. समोरचं झाड सासऱ्यांचं नव्हतंच.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि नवरा महिनाभर परगावी होता. सुनेनं जीव लावून, सकाळ-संध्याकाळ पाणी घालून झाड पार कुजवलं. पोटभर रडून झाल्यावर तिनं चार दुकानं पालथी घातली, तेवढ्याच उंचीचं रोप आणलं आणि त्याच कुंडीत लावून टाकलं. सासूबाई परतल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भरलंय जरा, नाही?" सुनेनं मान डोलावली. पण त्या रोज पानांवरून हात फिरवायच्या, ते पाहून तिचा जीव वर-खाली व्हायचा. हे कळलं तर या माउलीचा माणूस दुसऱ्यांदा जाईल, असं तिला वाटे.

आणि आता मुळं उघडी पडणार होती. दुकानातला लाल मातीचा गोळा अजून मध्ये असेल तर? बाबा नेहमी काळी माती वापरायचे.

शेवटी तिघंही गॅलरीत बसली. "तीन तिगाडा, काम बिगाडा," नवरा पुटपुटला, पण जागचा हलला नाही. सुनेनं खोड धरलं, नवऱ्यानं कुंडी आडवी करून थोपटली आणि सासूबाईंनी मुळांचा गड्डा अलगद ओढून घेतला. मुळं कुंडीच्या आकारानं गोल गोल फिरली होती. लाल मातीचा मागमूसही नव्हता. सुनेनं सुस्कारा सोडला. बाकीच्या दोघांनीही सोडला. झाड धड निघालं म्हणून असेल, असं तिला वाटलं.

मग बोटांनी मुळं सैल केली, नव्या कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला, माती भरली आणि खालून झिरपेपर्यंत पाणी घातलं.

झाड रुसलं. दोन-चार दिवसांतच पानं खाली झुकली. एक पिवळं पडून गळलं, मग दुसरं.

"जागा बदलली की झाडालाही माहेर आठवतं," सासूबाई म्हणाल्या. "वेळ द्यायचा त्याला." पण त्यांनी स्वतः ताट बाजूला सारलं.

कुंडी उन्हातून काढून आत खिडकीशी, पडद्याच्या आडोशाला ठेवली. खत नाही, हलवाहलव नाही. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. नवरा ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचा. घरात सगळी हळू आवाजात बोलू लागली, कुणी आजारी माणूस नुकताच झोपला असावा तशी.

सुटीच्या दुपारी तिघंही तिथेच बसत. पडद्यातून येणारं ऊन पानांमधून गाळलं जाऊन हिरवट व्हायचं आणि फरशीवर पसरायचं. त्या उजेडात बोलावंसं वाटत नसे, उठावंसंही वाटत नसे. अशाच एका दुपारी सुनेचा डोळा लागला. सासरे पाठमोरे बसून पानं पुसत होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. बाबा रडतायत, असं वाटून ती दचकून जागी झाली.

समोर सासूबाई खरंच रडत होत्या. त्यांच्या हातात आणखी एक पिवळं पान होतं.

सुनेला राहवलं नाही. "आई, नका ना रडू. हे गेलं तरी बाबांचं झाड जाणार नाही. ते कधीच गेलं. तुम्ही ताईंकडे होतात तेव्हा माझ्या हातून मेलं. हे मी आणलेलं आहे."

सासूबाईंनी डोळे पुसले.

"म्हणजे तुझ्या हातून गेलं ते मी आणलेलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"यांचं झाड मीच मारलं गं. हे गेल्यावर त्याच्याकडे बघवेना मला. माझ्या खोलीत होतं तेव्हा ते, आणि मी थेंबभर पाणी घातलं नाही. मग तुम्हा पोरांना काय तोंड दाखवणार? गुपचूप दुसरं आणून लावलं."

सुनेच्या छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाईंच्या छातीवरचा मात्र तसाच होता, आणि तो कसा उतरवावा हे तिला सुचेना. तिनं नुसताच त्यांचा हात हातात घेतला.

"आई, तूही नाही मारलंस." नवरा ओलं फडकं हातात घेऊन दारात उभा होता. "बाबा दवाखान्यात होते ना, तेव्हाच गेलं ते. मी विसरलो, कडक उन्हात राहिलं. घाबरत घाबरत बाबांना सांगायला गेलो."

"यांना माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं. "काय म्हणाले रे?"

"म्हणाले, 'घाबरतोस काय? पुलापलीकडच्या रोपवाटिकेत जा आणि माझं नाव सांग. कुठलं झाड, केवढं, सगळं पाठ आहे त्यांना. मी कायम तिथूनच आणत आलोय.'"