सात पंचे छत्तीस

शैलाबाई खोतांनी फळ्यावर मुद्दामच 'सात पंचे छत्तीस' लिहिलं आणि वर्गाकडे पाठ करून त्या थांबल्या. तीस वर्षांचा हा त्यांचा हुकमी डाव. मागून "बाई, चुकलं, चुकलं!" असा गलका उठायचा, चौथीतली पोरं बाकांवर चढायची आणि मग ते पस्तीस कुणी जन्मात विसरायचं नाही.

आज मागे चिडीचूप.

"चैत्राली, फळा वाच बरं."

"सात पंचे पस्तीस," चैत्रालीने शांतपणे वाचलं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. जूनमध्ये पोरांना मिळालेला नवा चष्मा चुकीचं दुरुस्त करून आणि अभ्यासाबाहेरचं गाळून दाखवतो, हे त्यांनी ऐकलं होतं. खरं मानलं नव्हतं.

थोड्या वेळाने उठून त्यांनी फळा पुसला. तोंडाने सांगणं जमलं नसतं, म्हणून वळणदार अक्षरात लिहिलं, 'उद्यापासून मी येणार नाही. माझी आठवण काढाल ना?'

बावीस चष्मे फळ्याकडे लागले होते.

"बाई," अखेर चैत्राली म्हणाली, "लिहा ना काहीतरी. फळा कोराच आहे."