तासभर तोंड उघडायचं नाही

"तासभर तोंड उघडायचं नाही. कापूस घट्ट दाबून धरायचा. थुंकायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "सव्वाबारापर्यंत."

तिनं मान डोलावली. डावा गाल बधिर होता, ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. सुळा ट्रेमध्ये पडला होता. पंचवीस वर्षं शिवणयंत्रावर बसून तिनं प्रत्येक धागा त्याच दातानं तोडला होता. कात्री हाताशीच असायची, पण ती उचलायला सवड कुणाला? शेवटी दातानंच मान टाकली.

दार ढकलून ती बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. बाकावर तिचा नवरा बसला होता. अंगात शाळेच्या बसवाल्यांचा निळा शर्ट, मांडीवर किल्ल्या. दीड वर्षात दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

"मीच फोन केला यांना," काउंटरवरची मुलगी मोठ्या खुशीत म्हणाली. "बीपीच्या पेशंटला आम्ही एकटं नाही सोडत. सोबत कोण येणार, तिथे तुम्हीच लिहिलात ना हा नंबर?"

लिहिला होता खरा. मनात शेजारणीचा लिहायचा होता, पण तो पाठ कुठे होता? हात आपला चालत गेला. जगात तिला तोंडपाठ असलेला नंबर एकच. लाजेनं ती पार कानकोंडी झाली. खुलासा करायला तिनं तोंड उघडलं, तोच मुलगी ओरडली, "अं अं! कापूस!"

नवऱ्यानं सूचनांचा कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला, बसमधल्या पोरांना दम भरावा तसा. "आज चूळ भरायची नाही. गरम काही खायचं नाही. स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. रक्त थांबलं नाही तर लगेच फोन करायचा. झोपताना उशी उंच घ्यायची." तो अडखळला. "उंच उशी तुला चालत नाही. मान धरते तुझी."

मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं, आणि उगाचच कागदाच्या चार घड्या करत तो उठला. "चल. घरी सोडतो. शाळेला कळलं तर माझी खैर नाही."

रिकाम्या बसमध्ये ती त्याच्या मागच्याच सीटवर बसली. भांडण कशावरून झालं होतं, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. चार दिवसांसाठी म्हणून तो भावाकडे गेला, आणि पुढे आधी कुणी बोलायचं यावर जे अडलं ते अडलंच. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा त्याचा हट्ट. आपणहून यावं, हा तिचा.

समोर त्याची मान होती. केस वाढले होते. कॉलर उसवली होती आणि निळ्या शर्टाला काळ्या दोऱ्यानं कसेबसे चार टाके घातले होते. भावजयीचं काम, दुसरं कुणाचं? हा शर्ट आत्ताच्या आत्ता याच्या अंगावरून काढून घ्यावा आणि नीट शिवून द्यावा, असं तिला इतकं वाटलं की डोळे भरून आले.

"दुखतंय?" त्यानं आरशातून विचारलं.

तिनं मान हलवून नाही म्हटलं. दात दुखत नव्हता.

घरासमोर बस थांबली. पुढच्या खोलीतल्या तिच्या शिवणाच्या दुकानात फळीवर, यंत्राखाली, सगळीकडे कापडांचे ढीग होते. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एकदा आत डोकावला, खिडकीखालच्या त्याच्या खुर्चीवर ब्लाउजांची चळत बघितली, आणि नजर वळवली. मग खिशातून पेन काढून त्यानं तो घडी घातलेला कागद तिच्यापुढे धरला.

"काही हवंय का? लिही."

तिनं पेन घेतलं. 'घरी या.' दोनच शब्द तर लिहायचे होते. दीड वर्षं ते गळ्याशी अडकून बसले होते, आणि आता तर बोलायचीही गरज नव्हती. पण नाही म्हणाला तर? कागदावरचं नाही कुठे लपवणार? तिनं लिहिलं, 'तुम्हाला उशीर होईल.'

त्यानं वाचलं. थोडा वेळ वाचतच राहिला, एवढं काही त्यात नसताना.

"हो," तो म्हणाला. "मुलं सुटतील."

बस गेली. ती यंत्रासमोर बसली. कापडाला हात लावावासा वाटेना. तोंडात रक्ताची खारट चव होती, आणि एरवी ज्या जिभेला दिवसभर उसंत नसे ती गप्प पडून होती. आपल्या हातांनी घालवलं, असं तिला वाटलं, आणि आता रडायलाही तोंड उघडायची चोरी.

बरोबर सव्वाबाराला फोन वाजला.

"तास झाला," तो म्हणाला. मागे कुठेतरी पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. "कापूस काढ."

तिनं काढला.

"रक्त?"

"नाही." ओठ जड होता, शब्द ओला आणि वाकडा आला.

पलीकडे तो फोन ठेवत नव्हता. तिनं तो बधिर गालावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.

"मग बोल आता," तो म्हणाला. "शाळा सुटायला अजून पंधरा मिनिटं आहेत."